प्लास्टिकच्या ओळखपत्रांची छपाई, पेटंट आणि ‘यात नवीन ते काय?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी शाळांची, कारखान्यांची ओळखपत्रं छापली. आता पेटंटच्या कागदपत्रांचं काम करतो. दोन्हीकडची माणसं एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरात विचारतात. छपाईवाले चिडून म्हणतात, “हे तर आम्ही रोज करतो, याला पेटंट दिलंच कसं?” शोध लावणारे हिरमुसून म्हणतात, “इतकी मेहनत घेतली आणि परीक्षक म्हणतात, हे कुणालाही सुचलं असतं!” खालची उत्तरं दोघांसाठी आहेत.

कार्ड छपाईत पेटंटची भांडणं होतात तरी कशावरून?

ओळखपत्राचं माप जगभर ठरलेलं आहे: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी साधारण ०.७६ मिलिमीटर. एटीएम कार्ड, लायसन्स, कॉलेजचं कार्ड, सगळी याच मापाची. त्यामुळे या धंद्यातल्या सुधारणा छोट्या असतात. प्रिंटरच्या रिबनवरच्या रंगांचा क्रम बदलला, रोलर वेगळा बसवला, चिपच्या जागी उष्णता कमी दिली, लपलेली खूण वेगळ्या थरात छापली. असं नेमकं तसंच्या तसं आधी कुणी केलेलं नसतं, म्हणून ‘नवीन’ या कसोटीवर अर्ज बहुधा पास होतो. अडतो तो पुढच्या पायरीवर: नवीन आहे हे मान्य, पण या कामातल्या माणसाला ते सहज सुचलं नसतं का?

‘सहज सुचण्याजोगं’ हे कायद्यात कसं मांडलंय?

आपल्या पेटंट कायद्याच्या (१९७०) कलम २(१)(जेए) मध्ये. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यामुळे तो शोध त्या विषयातल्या जाणकाराला उघड वाटता कामा नये. शेवटचा भाग सगळ्यांना लागू आहे. नुसता खर्च वाचतो एवढ्यावर पेटंट टिकत नाही. हा घोळ मी अनेक अर्जांत पाहिलाय. ‘आमच्या पद्धतीने कार्डामागे दोन रुपये वाचतात’ यावर तीन पानं लिहिलेली असतात आणि जाणकाराला हे का सुचलं नसतं, यावर एक ओळही नसते.

हा ‘जाणकार’ म्हणजे कोण? मी तीस वर्षं छपाईत आहे, मी चालेन का?

तो कायद्याने कल्पलेला माणूस आहे. त्याला त्या तारखेपर्यंतचं सगळं छापील ज्ञान उपलब्ध आहे असं धरतात, पण तो प्रतिभावंत नसतो. हाताला वळण असलेला, मॅन्युअल वाचणारा, अडचण आली की नेहमीचे उपाय करून बघणारा चांगला ऑपरेटर किंवा इंजिनिअर. तो अगदी यंत्रमानवही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलीफ्लेक्स या खटल्यात हे ठामपणे सांगितलं: या माणसाकडे नेहमीची, कामचलाऊ कल्पकता असतेच.

तुमचा तीस वर्षांचा अनुभव साक्षीसाठी उपयोगी आहे. त्या काळी बाजारात काय चालत होतं, लोक कुठल्या अडचणीला कुठला उपाय करत होते, हे तुम्ही सांगू शकता. पण ‘मला सुचलं असतं’ हे वाक्य एकट्याने काही सिद्ध करत नाही. तुम्ही ते आज म्हणताय, उत्तर समोर ठेवून.

कार्ड छपाईत ‘आधीपासून ठाऊक असलेलं’ काय काय आहे?

इथे जरा थांबून बघू या, कारण वादातला निम्मा गोंधळ यंत्र न पाहता केलेल्या युक्तिवादांमुळे होतो.

साध्या कार्ड प्रिंटरचं झाकण उघडा. आत रिबन असते आणि तिच्यावर ओळीने पट्टे असतात: पिवळा, किरमिजी, निळा, मग काळा, मग पारदर्शक थर. छापणारं हेड तापतं, रंगाची वाफ होते आणि ती पीव्हीसीच्या, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पृष्ठभागात मुरते. फोटो असा बनतो. काळी अक्षरं आणि बारकोड मात्र मुरत नाहीत. काळा थर वितळून कार्डावर चिकटतो. पृष्ठभागावर धुळीचा एक कण असला, तरी तिथे हेड टेकत नाही आणि बरोबर तेवढा पांढरा ठिपका राहतो. कार्डाच्या कडेवरून हेड घसरलं तर खराब होतं, म्हणून काठाला बारीक पांढरी रेघ सोडतात. आणि आत चिप असेल तर वरचा भाग किंचित उंचसखल होतो, तिथे छपाई विटते.

यावरचा उपायही जुनाच आहे. आधी पारदर्शक फिल्मवर उलटं चित्र छापायचं आणि मग ती फिल्म गरम रोलरने कार्डावर बसवायची. हेड कार्डाला लागतच नाही, त्यामुळे काठापर्यंत रंग जातो आणि चिपचा उंचवटाही फारसा नडत नाही.

आता वापरलेली रिबन काढून उजेडासमोर धरा. काळ्या पट्ट्यातून जेवढी अक्षरं कार्डावर गेली, तेवढी जागा पारदर्शक झालेली असते. नाव, जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, सगळं उलट्या अक्षरांत वाचता येतं. मी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अख्ख्या कारखान्याची यादी कचऱ्याच्या डब्यात पडलेली. ही अडचण धंद्यातल्या प्रत्येकाला दिसते. म्हणून ‘वापरलेली रिबन नष्ट करायची’ एवढ्या कल्पनेवर कुणी हक्क सांगितला तर तो टिकणं कठीण. प्रिंटरने आतच ती कशी पुसायची याची एखादी खरोखर वेगळी रचना असेल, तर गोष्ट निराळी.

याशिवाय गल्लीतल्या दुकानांत चालणारी पद्धत आहेच: इंकजेट प्रिंटरवर ड्रॅगन शीट (छापता येणारं पीव्हीसीचं पान) छापायचं, फ्यूजिंग मशीनमध्ये दाबून गरम करायचं, थंड झालं की कटरने कार्डं पाडायची. पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकच्या कार्डात लेझरने आतला थर काळा करून फोटो कोरतात. ‘आधीचं ज्ञान’ म्हणतात ते हेच सगळं, फक्त ते तारखेनिशी दाखवता आलं पाहिजे.

दोन जुन्या गोष्टी एकत्र आणल्या तर त्याला शोध म्हणता येईल का?

बहुतेक सगळेच शोध जुन्या गोष्टी एकत्र आणूनच होतात. प्रश्न असा विचारायचा: एकत्र आणायला काही कारण समोर दिसत होतं का, आणि एकत्र आणल्यावर काय घडलं?

आपल्याकडचा पायाभूत खटला भांड्यांचा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरला पितळेची भांडी लेथवर फिरवून साफ करायची पद्धत होती, आणि फिरवताना भांडं धरून ठेवायच्या एका साधनाला १९५०च्या दशकात पेटंट मिळालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते पेटंट रद्द ठरवलं. लेथ जुना, त्याचे भाग जुने, आणि ते जोडण्यात कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे काही नाही, असा सूर होता. माझ्या मते कार्ड छपाईतल्या प्रत्येक माणसाने हा निकाल वाचावा, कारण त्यातलं वातावरण आपलंच आहे: छोटा कारखाना, ओळखीची हत्यारं, हाताच्या कसबाने केलेली सुधारणा.

केएसआरचा वाद गाडीच्या पेडलचा होता. मागेपुढे सरकणारं पेडल जुनं, इलेक्ट्रॉनिक सेन्सर जुना. सेन्सर पेडलवर बसवला. दोन्हींची कामं आधी होती तशीच राहिली आणि बाजार त्या दिशेने आपणहून चाललेलाच होता. न्यायालयाने एकमताने म्हटलं, हे उघडच होतं. जोडणी सुचवणारा लेखी कागदच दाखवा, असा कडक नियमही त्याने मोडीत काढला.

आपल्या कायद्यातलं कलम ३(एफ) तर सरळ सांगतं: ओळखीची साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम वेगवेगळं करत राहिला, तर तो शोधच नाही. कार्ड प्रिंटरच्या पेटीत लॅमिनेटर आणि चिप लिहिणारं यंत्र एका रांगेत बसवलं, एवढंच असेल तर हे कलम आडवं येणार.

कागदी कार्डाऐवजी प्लास्टिक वापरलं, पीव्हीसीऐवजी पॉलिकार्बोनेट वापरलं. हा शोध झाला का?

नुसतं साहित्य बदलणं फार जुना वाद आहे. १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दाराच्या मुठी होत्या: लाकूड-धातूऐवजी चिनीमाती. न्यायालयाने म्हटलं, हे कुशल कारागिराचं काम झालं, शोधकाचं नव्हे. साहित्य बदलल्यामुळे अनपेक्षित काही घडलं, एखादी अडचण सुटली जी कुणालाच सुटत नव्हती, तरच पुढे बोलता येतं.

पण माझी युक्ती इतकी साधी आहे की ऐकणारा हसतो. साध्या गोष्टीला पेटंट मिळतच नाही का?

मिळतं, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचंय. साधेपणा म्हणजे उघडपणा नव्हे. कोडं सुटलं की सगळ्यांनाच ते सोपं वाटतं. पश्चातबुद्धीने न्याय करायचा नाही, हे जगभरच्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, तरी परीक्षकाच्या टेबलावर, विरोधी वकिलाच्या तोंडी आणि आपल्या शेजाऱ्याच्या बोलण्यात ती शिरतेच.

दिल्ली उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२चा एव्हरी डेनिसनचा निकाल इथे फार कामाचा. कपड्यांना लेबलं लावायच्या प्लास्टिक फास्टनरच्या पट्टीवरच्या खाचा, एवढाच विषय. पेटंट कार्यालयाने उघड म्हणून नकार दिला होता. न्यायालयाने तो नकार रद्द केला. छोटा, साधा बदलही शोध असू शकतो, हे स्पष्ट केलं. आणि एक सुंदर कसोटी दिली: आधीचा कागद आणि नवा शोध यांत किती वर्षं गेली? मधल्या काळात अडचण सगळ्यांसमोर होती, उपाय इतका सोपा होता, तरी कुणाला सुचला नाही, मग तो उघड कसा?

दुसरा आधार १९६६चा, अमेरिकेतला ॲडम्सचा खटला. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची, नुसतं पाणी घातलं की चालू होणारी बॅटरी. दोन्ही पदार्थ बॅटरीत आधी वापरलेले. पण त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे अशी बॅटरी व्यवहारात चालणार नाही असंच जाणकारांना वाटलं असतं. सरकारी तज्ज्ञांनाही आधी विश्वास बसला नव्हता. पेटंट टिकलं. जाणकार ज्या वाटेने जाऊ नका म्हणत होते त्याच वाटेने जाऊन कुणी पोचलं असेल, तर तो भक्कम मुद्दा असतो.

कार्डावर काय छापलंय, त्याची मांडणी कशी आहे, याला पेटंट मिळेल?

आपल्याकडे माहितीची मांडणी कलम ३(एन) खाली वगळलेली आहे. फोटो डावीकडे, रक्तगट लाल चौकटीत, मागे आपत्कालीन क्रमांक. यात पेटंट नाही. दिसण्याचं संरक्षण हवं असेल तर डिझाइन नोंदणी किंवा कॉपीराइटचा विचार करा.

मात्र छापलेली खूण आणि वस्तू यांचं कामाचं नातं असेल तर चित्र बदलतं. अमेरिकेत १९८३ साली गुलॅक यांच्या अर्जात एका गोल पट्टीवर अंकांची विशिष्ट रचना होती. अंक आणि पट्टी एकमेकांशिवाय अर्थहीन होते, म्हणून छापील मजकूरही विचारात घेतला गेला. उलट २००४ साली न्गाय यांच्या अर्जात जुन्याच किटला नवं सूचनापत्रक जोडलं होतं. ते चाललं नाही. कार्डावरची बारीक रेषांची नक्षी झेरॉक्स काढल्यावर वेगळी दिसते, किंवा छापलेली खूण यंत्राला कार्डाची दिशा सांगते, अशा दाव्यांत (अर्जात नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्यांत) हा फरक बारकाईने लिहावा लागतो.

एखादं उदाहरण देऊन सांगा ना.

समजा, एक अर्ज आलाय: उलट छापलेली फिल्म, आत चिप असलेलं कार्ड, आणि अतिनील दिव्याखाली दिसणारी खूण, तिन्ही एकत्र. फिल्मची पद्धत चिपच्या उंचवट्यासाठी वापरतात हे मॅन्युअलमध्ये आहे. अतिनील खूण ओळखपत्रांवर जुनी आहे. तिघांनी मिळून नवीन काही केलं नाही. माझं मत: उघड.

आता समजा, दुसरा अर्ज. चिपच्या जागी फिल्म नीट चिकटत नाही, म्हणून सगळे तापमान वाढवतात आणि चिपा मरतात. या माणसाने फक्त त्या पट्ट्यात तापमान उतरवलं, रोलर हळू केला, आणि फिल्म आधीपेक्षा घट्ट बसली. भाग सगळे जुने. पण बाजार एका दिशेने चालला होता आणि हा उलट गेला, वर निकालही अपेक्षेपेक्षा वेगळा आला. त्याच्याकडे चाचण्यांचे आकडे असतील (किती अंशांना, किती वेगाला, शंभरातली किती कार्डं सोलली गेली) तर मी त्याच्या बाजूने लढायला आनंदाने उभा राहीन. आकडे नसतील तर हीच हकिगत नुसती बढाई वाटते.

आम्ही हे दहा वर्षांपासून करतोय. एवढं पुरेसं नाही का?

पुरेसं होऊ शकतं, पण तारीख लागते. बघितली जाते ती अर्जाची प्रायॉरिटी तारीख, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याची तारीख. तुमचा पुरावा तिच्या आधीचा हवा. भारतात पेटंट रद्द करताना भारतात जाहीरपणे माहीत असलेलं किंवा वापरात असलेलं, आणि भारतात किंवा जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं, हे धरतात. म्हणजे नाशिकच्या दुकानातला उघड वापर चालतो. परदेशातल्या दुकानातला वापर कुठे छापून आला असेल तर चालतो.

वापर कुणी केला याला मान नसतो, तारखेला असतो. इंग्लंडमध्ये विंडसर्फिंगच्या पेटंटच्या वादात (१९८५) एका बारा वर्षांच्या मुलाने १९५८ साली हेलिंग बेटावर शिडाची फळी चालवल्याचा पुरावा आला. त्याचं शिड सरळ दांड्याला बांधलेलं होतं, पेटंटमध्ये कमानीसारखा वाकलेला दांडा होता; तेवढा बदल उघड ठरला आणि पेटंट पडलं.

मग जुनी बिलं शोधा, डिलिव्हरी चलनं, मशीनसोबत आलेली मॅन्युअल्स, प्रदर्शनातली पत्रकं, ग्राहकाला पाठवलेले नमुने. जपून ठेवलेलं एक जुनं कार्ड, ज्यावर वैधतेची तारीख छापलेली आहे, ते फार बोलकं असतं. व्हॉट्सॲपवरचे फोटो चालतात, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. फोन विकण्याआधी विचार करा.

विरोध कुठे आणि कधी करायचा?

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही विरोध करू शकतो, कलम २५(१). मिळाल्यानंतर, ते प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत, हितसंबंध असलेली व्यक्ती विरोध करू शकते, कलम २५(२). याशिवाय उच्च न्यायालयात कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी. पूर्वी ही मागणी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायची, २०२१ मध्ये ते मंडळ बंद झालं. महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जांचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

पहिली संधी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या विषयातले नवे अर्ज दर आठवड्याच्या पेटंट जर्नलमध्ये फुकट बघता येतात. छपाईवाल्यांच्या संघटनांनी एखादा माणूस या कामाला लावावा असं मला फार वाटतं.

परदेशात पेटंट आहे, इथे नाही. मी वापरू शकतो?

भारतात हो, पेटंट देशापुरतं असतं. तिकडे माल पाठवणार असाल तर तिकडचं पेटंट आडवं येईल.

माझाच शोध आहे. अर्जाआधी काय करू नको?

दाखवत फिरू नका. प्रदर्शनात मांडला, यूट्यूबवर टाकला, ग्राहकाला गुप्ततेच्या कराराशिवाय नमुना दिला, की तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो. अर्जाआधी शोध दाखवला तरी चालेल अशी आपल्याकडची सवलत अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे. घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) अर्ज करा आणि बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्या. फसलेल्या प्रयोगांचीही वही ठेवा. कुठले नेहमीचे उपाय करून बघितले आणि ते का चालले नाहीत, हे त्या वहीतून दिसतं, आणि उघडपणाच्या आक्षेपाला तेच उत्तर असतं.

वकिलाची नोटीस आलीय, मशीन बंद करू का?

आधी पेटंटचा क्रमांक घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर बघा: ते खरंच मंजूर झालंय की नुसता अर्ज आहे, आणि वार्षिक शुल्क भरलंय का. शुल्क न भरल्याने संपलेल्या पेटंटचा दाखला देणारी नोटीस मी स्वतःच्या टेबलावर पाहिलीय. दुकानदाराने भीतीने तीन आठवडे मशीनला हात लावला नव्हता.

मग दावे वाचा. वर्णन नव्हे, शेवटी क्रमांक घालून लिहिलेले दावे. पहिल्या दाव्यातला प्रत्येक घटक तुमच्या मशीनमध्ये आहे का, एकेक करून खूण करा. एखादा नसेल तर ते वकिलाला पहिलं सांगा. सगळे असतील तर प्रायॉरिटी तारीख लिहून घ्या आणि तिच्या आधीचे कागद काढायला लागा. मंजूर पेटंट वैधच आहे अशी हमी कायदा देत नाही, कलम १३(४) तसं स्पष्ट म्हणतं; आणि खटला दाखल झालाच तर ‘हे उघड होतं’ हा बचाव कलम १०७ खाली घेता येतो. नोटीस बिनबुडाची धमकी असेल तर कलम १०६ खाली तुम्हीच न्यायालयात जाऊ शकता.

उत्तर लिहीपर्यंत दोन गोष्टी करू नका: समोरच्याला फोन करून ‘हो, आम्ही तसंच करतो’ असं बोलून जाऊ नका, आणि जुन्या रिबनी, जुनी चलनं, जुनं मॅन्युअल रद्दीत देऊ नका.